नेत्रदानाला रक्तगट का लागत नाही?

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात नेत्रदान पंधरवडा पाळला जातो. शाळाशाळांतून तक्ते लागतात, एखादे व्याख्यान होते, संमतिपत्रे वाटली जातात. अशाच एका व्याख्यानानंतर दहावीतल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न माझ्या चांगला लक्षात राहिला आहे. तिच्या मामांना मूत्रपिंड बसवायचे होते. घरातल्या चौघांच्या तपासण्या झाल्या. कोणाचा रक्तगट जुळेना, कोणाच्या ऊती जुळेनात. शेवटी मावशीचे मूत्रपिंड चालले, आणि तरीही मामांना आता जन्मभर गोळ्या घ्याव्या लागणार. "मग डोळ्याच्या बाबतीत कोणाचाही कोणालाही कसा चालतो? डोळ्याला आपले आणि परके कळत नाही का?"

वेळ संपत आली होती. "तिथे रक्त नसते म्हणून," एवढे उत्तर देऊन वक्ते पुढे गेले. उत्तर चुकीचे नव्हते, पण ते निम्मेही नव्हते. उरलेले उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना जवळजवळ सव्वाशे वर्षे लागली आहेत, आणि त्या शोधात जे हाती आले ते वर्गात सांगण्याजोगे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. नेत्रदानात डोळा काढून घेतला जातो, पण तो संपूर्ण डोळा दुसऱ्याला बसवला जात नाही. बसवले जाते ते पारपटल, म्हणजे बुबुळाच्या पुढची, घड्याळाच्या काचेसारखी पारदर्शक चकती. मध्यभागी तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे एका रुग्णाला चेहऱ्याच्या भागासह पूर्ण डोळा बसवण्यात आला. तो डोळा जिवंत राहिला, पण त्याला दिसू लागले नाही. दृष्टिपटलापासून मेंदूकडे जाणारे दहा-बारा लाख मज्जातंतू एकदा तुटले की ते पुन्हा जोडण्याची विद्या अजून आपल्याजवळ नाही.

पारपटलाची गोष्ट मात्र निराळी आहे. दात्याचा रक्तगट जुळवत नाहीत, ऊतीही सहसा जुळवत नाहीत. दात्याचे वय, चष्मा, मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही आड येत नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला काही महिने स्टेरॉइडचे थेंब डोळ्यात घालावे लागतात, पण पोटात घ्यायची जन्मभराची औषधे बहुधा लागत नाहीत. ज्याच्या पारपटलात रक्तवाहिन्या शिरलेल्या नाहीत अशा रुग्णाचे पहिलेच रोपण असेल, तर दहापैकी नऊ कलमे वर्षानंतरही स्वच्छ असतात. प्रतिकार दाबणारी औषधे न देता परक्याचे मूत्रपिंड बसवले, तर ते थोड्याच दिवसांत निकामी होईल.

तेव्हा डोळ्याला परके कळत नाही का? कळते. कळूनही तो वेगळा वागतो. असे का, हे समजण्यासाठी आधी शरीराच्या नेहमीच्या वागण्याकडे पाहू.

दाह डोळ्याला परवडत नाही

बोटात काटा मोडला की दुसऱ्या दिवशी तो भाग लाल होतो, सुजतो, ठणकतो. काट्याबरोबर जंतू आत गेलेले असतात. त्यांच्याशी सामना करण्यासाठी तिथल्या केशवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात, रक्तातला द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात. या पेशी जंतूंना गिळतात, त्यांच्यावर तिखट रसायने सोडतात. ही रसायने जंतू कोणता आणि आपली पेशी कोणती याचा फारसा विचार करत नाहीत, त्यामुळे आसपासच्या निरोगी पेशीही त्यात मरतात. पू म्हणजे या लढाईतल्या मृतांचा ढीग. या सगळ्याला दाह म्हणतात.

बोटाला हे परवडते. कातडीच्या पेशी सतत नव्या तयार होत असतात. आठवड्याभरात जखम भरते, फार तर एक व्रण राहतो, आणि व्रण पडलेल्या बोटाने आपण पूर्वीसारखेच लिहू शकतो. तोच एक-दोन मिलिमीटरचा व्रण पारपटलाच्या मध्यभागी, बाहुलीच्या समोर पडला तर? त्यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे म्हणतात. संसर्ग बरा झालेला असतो, पण डोळ्याचे काम संपलेले असते.

पारपटल पारदर्शक का आहे, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. ते कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म तंतूंचे बनलेले आहे. डोळ्याचा पांढरा भागही त्याच प्रथिनाचा असतो, मग एक पारदर्शक आणि दुसरा पांढरा कसा? पारपटलात हे तंतू सारख्या जाडीचे व सारख्या अंतरावर रचलेले असतात, म्हणून प्रकाश न विखुरता सरळ पार जातो. पांढऱ्या भागात ते जाडेभरडे आणि अस्ताव्यस्त असतात. वर्गात दाखवायचे असेल तर बर्फाचे उदाहरण सोपे आहे. बर्फाच्या चांगल्या खड्यातून पलीकडचे दिसते. तोच खडा गोळेवाल्याने किसला की पांढरा शुभ्र भुगा होतो. पदार्थ बदललेला नाही, फक्त प्रकाश विखुरणारे असंख्य पृष्ठभाग निर्माण झाले. पारपटलाला सूज आली, पाणी शिरून तंतूंमधली अंतरे बिघडली, की त्याचेही असेच होते.

हे पाणी बाहेर काढण्याचे काम पारपटलाच्या आतल्या बाजूला असलेला पेशींचा एकच पातळ थर रात्रंदिवस करत असतो. तरुण माणसात दर चौरस मिलिमीटरला अशा अडीच-तीन हजार पेशी असतात. माणसात त्या मेल्या तर त्यांच्या जागी नव्या येत नाहीत, उरलेल्या पेशी पसरून जागा भरून काढतात, एवढेच. ही संख्या पाचशेच्या आसपास उतरली की पाणी काढणे जमेनासे होते आणि पारपटल धुरकट होते. दृष्टिपटलाची स्थिती याहून नाजूक. तिथल्या सुमारे बारा कोटी दंडपेशी व साठ लाख शंकूपेशी म्हणजे आयुष्यभराची शिदोरी. गेलेली पेशी परत येत नाही.

जिथे मोडलेले दुरुस्त होत नाही, तिथे रखवालदाराने लाठी चालवताना हात आखडता घ्यावा, हेच शहाणपणाचे. डोळ्याच्या आत नेमके असे होते. पण ते होते कसे, हे समजायला वेळ लागला.

ससे, उंदीर आणि एक मजूर

सुरुवात झाली ती अपघातानेच म्हणावी लागेल. १८७३ साली हॉलंडमधील नेत्रतज्ज्ञ व्हान डोरेमाल यांनी कुत्र्यांच्या डोळ्यांत, पारपटल व बुबुळ यांच्यामधल्या द्रवाने भरलेल्या कप्प्यात, उंदराच्या कातडीचे तुकडे ठेवून पाहिले. दुसरीकडे कुठे ठेवले असते तर असे परके तुकडे लवकरच नष्ट झाले असते. डोळ्यात ते बरेच दिवस टिकले. याचा अर्थ लावण्याजोगी परिस्थिती तेव्हा नव्हती. प्रतिकारशास्त्र हे शास्त्रच अजून जन्माला यायचे होते.

७ डिसेंबर १९०५ रोजी, आज झेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमौत्स या गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी एका मजुरावर शस्त्रक्रिया केली. चुन्यामुळे त्याची दोन्ही पारपटले पांढरी झाली होती. त्याच सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलाचा जखमी डोळा काढावा लागला. त्या डोळ्याच्या पारपटलाच्या दोन चकत्या काढून झिर्म यांनी मजुराच्या दोन डोळ्यांत बसवल्या. एका डोळ्यातली वाया गेली. दुसऱ्या डोळ्यातली स्वच्छ राहिली आणि तो माणूस पुन्हा कामावर जाऊ लागला. लांडश्टायनर यांनी रक्तगट शोधून जेमतेम चार वर्षे झाली होती. ऊती जुळवणे कोणाला ठाऊक नव्हते, स्टेरॉइडे यायला अजून चार दशके होती. माणसातील पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण १९५४ मधले, आणि तेही एकरूप जुळ्या भावाचे. परक्याचे पारपटल त्याआधी जवळजवळ अर्धशतक टिकून दाखवत होते.

या कोड्याला नाव मिळाले ते १९४८ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांवर त्वचारोपण करताना परकी कातडी शरीर नाकारते, आणि दुसऱ्यांदा तर अधिक वेगाने नाकारते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांच्या ध्यानात आले होते. पुढे १९६० मध्ये त्यांना बर्नेट यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. १९४८ च्या प्रयोगांत त्यांनी सशांच्या मेंदूत आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात परक्या सशाच्या कातडीचे तुकडे ठेवले. डोळ्यातले जे तुकडे रक्तवाहिन्यांपासून दूर राहिले ते टिकले, ज्यांच्यात रक्तवाहिन्या शिरल्या ते नष्ट झाले. अशा जागांना प्रतिकारशक्तीकडून खास सवलत मिळाली आहे, असे मेडावार यांनी म्हटले, आणि तो शब्दप्रयोग रूढ झाला.

सवलतीचे कारण उघड वाटत होते. पारपटलात रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू ते थेट हवेतून घेते आणि साखर आतल्या द्रवातून. डोळ्याच्या आतून लसिका वाहून नेणाऱ्या वाहिन्याही नेहमीसारख्या नाहीत. दृष्टिपटलात रक्तवाहिन्या आहेत खऱ्या, पण त्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातल्या पेशी सहज बाहेर पडू शकत नाहीत. म्हणजे डोळा हे कुलूपबंद घर. आतले बाहेर कळत नाही आणि बाहेरचा आत येत नाही. वर उल्लेखिलेल्या वक्त्यांचे उत्तर हे असे १९४८ सालचे होते. आजही अनेक पुस्तकांत एवढेच दिलेले असते.

कुलूप नव्हे, निरोप

१९७० च्या दशकात अमेरिकेत हेन्री कॅप्लान आणि वेन स्ट्राइलाइन यांनी या कुलपाची परीक्षा घेतली. त्यांनी पांढऱ्या उंदरांच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात परक्या उंदरांच्या पेशी टोचल्या. डोळा खरोखर बंद असेल तर शरीराला या पेशींची खबर लागायला नको. पण उंदरांच्या रक्तात त्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली आढळली. म्हणजे खबर बाहेर पोचली होती!

पुढचा निष्कर्ष अधिक चमत्कारिक होता. शरीराला परक्याची ओळख झाली की दुसऱ्या खेपेस ते अधिक जोराने तुटून पडते, हा सर्वसाधारण नियम. या उंदरांच्या अंगावर त्याच परक्या जातीची कातडी बसवली तेव्हा ती लवकर नाकारली जाण्याऐवजी उलट जास्त दिवस टिकली. डोळ्यातून झालेल्या ओळखीने शरीराला जणू सांगितले होते की याला ओळखून ठेवा, पण याच्यावर धावून जाऊ नका. प्रतिपिंडे बनली, परंतु पेशींनी करायचा हल्ला रोखला गेला. हा पेशींचा हल्ला कसा असतो हे क्षयाच्या तपासणीसाठी हातावर टोचतात त्या चाचणीवरून सांगता येईल. टोचल्यावर दोन-तीन दिवसांनी लाल, टणक गाठ उठते, ती टी-पेशींनी बोलावून आणलेल्या दाहामुळे. डोळ्याच्या वाटेने ज्या प्रतिजनाची ओळख झाली, त्याच्याविरुद्ध अशी गाठ नीट उठत नाही.

हा निरोप जातो कसा? बुबुळाच्या परिसरातल्या काही पेशी परका पदार्थ उचलतात. नेत्रजल लसिकाग्रंथींकडे न जाता मुख्यतः थेट रक्तात उतरते, त्यामुळे या पेशीही रक्तात येतात आणि प्लीहेत, म्हणजे पानथरीत, पोचतात. तिथे त्या हल्लेखोर टी-पेशी तयार करण्याऐवजी हल्ल्याला लगाम घालणाऱ्या टी-पेशी तयार करवतात. प्लीहा काढून टाकलेल्या उंदरांत ही सवलत नाहीशी होते. डोळ्याची शांतता पोटातल्या एका अवयवावर अवलंबून असावी, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

त्या पेशींना असे सौम्य वागायला शिकवते ते नेत्रजल. हे दिसायला पाण्यासारखे, पुढच्या कप्प्यात पाव मिलिलिटर इतकेच, आणि दीड-दोन तासांत पूर्ण बदलले जाणारे. पण त्यात दाह शमवणारी अनेक प्रथिने असतात. परीक्षानळीत तापट टी-पेशी नेत्रजलात ठेवल्या तर त्यांचा ताप उतरतो.

आणि एवढे करूनही एखादी टी-पेशी लढायला आत शिरलीच तर? १९९५ मध्ये सेंट लुईस येथील शास्त्रज्ञांनी याचे उत्तर दिले. डोळ्याच्या आतल्या पुष्कळ पेशींच्या पृष्ठभागावर फास-लिगँड नावाचे प्रथिन असते. चेतलेल्या टी-पेशीवर त्याला जुळणारा ग्राहक असतो. दोघांची गाठ पडली की टी-पेशीला आत्मनाशाचा आदेश मिळतो. ती फुटत नाही, आतले तिखट रस बाहेर सांडत नाही. आक्रसून तुकडे होऊन निमूट मरते. संशोधकांनी उंदरांच्या डोळ्यात नागिणीच्या गटातला एक विषाणू टोचला. साध्या उंदरांत दाहाच्या पेशी आल्या आणि आल्या आल्या मेल्या. ज्या उंदरांत हे प्रथिन जन्मतः सदोष होते त्यांच्या डोळ्यांत दाह भडकला. दोन वर्षांनी पारपटलाचे रोपण करून पाहिले गेले. साध्या उंदरांची सुमारे ४५ टक्के कलमे टिकली, सदोष प्रथिनाच्या उंदरांची एकही टिकली नाही. येथे एक लक्षात घ्यावे की संरक्षण कलमच करत होते. पारपटल आपल्याबरोबर आपला पहारा घेऊन येते, मूत्रपिंडाला हे जमत नाही.

रक्तवाहिन्या नसणे हीसुद्धा नुसती उणीव नाही. पारपटलाच्या कडेपर्यंत रक्तवाहिन्या येऊन थबकतात. त्यांना वाढायला सांगणारे रसायन पारपटलातही असते, पण ते रसायन पकडून निष्प्रभ करणारा सुटा ग्राहक पारपटल सतत तयार करते. हा ग्राहक रोखला तर उंदराच्या पारपटलात रक्तवाहिन्या भराभर वाढतात, हे २००६ मध्ये दाखवले गेले. त्याच वेळी एका प्राण्याचा उलगडा झाला. मॅनाटी नावाचा समुद्रगाईच्या गटातला एक पाण्यातला सस्तन प्राणी आहे. त्याच्या पारपटलात नेहमीच रक्तवाहिन्या असतात, आणि त्याच्यात हा ग्राहक नसतो. त्याचे आप्त असलेले ड्युगाँग आणि हत्ती यांच्यात तो आहे, त्यांची पारपटले स्वच्छ आहेत.

झिर्म यांच्या मजुराचे आश्चर्य यामुळे वाढते. चुन्याने भाजलेल्या पारपटलात बहुधा रक्तवाहिन्या शिरतात, आणि मग सवलत संपते. अशा डोळ्यात आजही, सर्व औषधे हाताशी असताना, जवळजवळ निम्मी किंवा त्याहून अधिक कलमे नाकारली जातात. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी दाबताना चुना उडून लहान मुलांचे डोळे जातात, हे आपल्याकडचे नेत्रतज्ज्ञ वारंवार पाहतात. तेव्हा "नेत्रदानाने दुरुस्त होईल" असे म्हणून निश्चिंत राहण्याजोगे हे अंधत्व नाही. चुना उडताच त्या क्षणापासून निदान अर्धा तास डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहणे आणि मग दवाखाना गाठणे, हाच उपाय. आधी दवाखाना आणि मग पाणी, असा क्रम चालत नाही.

सवलतीची किंमत

इथे विद्यार्थी हमखास विचारतात की मग डोळे येतात ते कसे? २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर साथ आली तेव्हा लाल, सुजलेले डोळे सर्वांनीच पाहिले. याचे उत्तर असे की सवलत डोळ्याच्या आतल्या भागाला आणि पारपटलाला आहे. पांढऱ्या भागावरचा व पापणीच्या आतला नाजूक पडदा इतर शरीरासारखाच रक्तवाहिन्यांनी भरलेला आहे आणि तो मनसोक्त लाल होतो. अश्रूंत जंतुनाशक विकरे आणि प्रतिपिंडे असतात ती निराळीच. बाहेर कडक पहारा, आत मवाळ, अशी ही व्यवस्था आहे.

आतल्या मवाळपणाचा फायदा घेणारेही असतात. पश्चिम आफ्रिकेतील २०१४ च्या इबोलाच्या साथीत रुग्णसेवा करणारा एक अमेरिकी डॉक्टर स्वतः आजारी पडला आणि वाचला. त्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी त्याच्या एका डोळ्याला तीव्र दाह झाला. सुईने काढलेल्या नेत्रजलात जिवंत इबोला विषाणू सापडला. अश्रूंत मात्र तो नव्हता. त्या काळात त्याच्या निळ्या बुबुळाचा रंग हिरवा झाला होता. बाकीच्या शरीराने हुसकून लावलेल्या विषाणूला डोळ्यात आसरा मिळाला होता.

याहून जुनी आणि शाळेच्या अधिक जवळची किंमत आहे ती लुई ब्रेलच्या गोष्टीत. पॅरिसजवळच्या कुव्रे गावी त्याचे वडील घोड्यांचे जीन व सामान बनवत. १८१२ मध्ये, तीन वर्षांचा असताना, वडिलांच्या कामाच्या जागी खेळताना लुईच्या एका डोळ्यात चामडे टोचण्याची आरी घुसली. जखम एकाच डोळ्याला झाली होती, पण पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. ब्रेल लिपीची गोष्ट आपण वर्गात सांगतो, पण दुसरा डोळा का गेला हे सहसा सांगत नाही. जंतुसंसर्ग हे एक कारण सांगितले जाते, पण अनेक नेत्रतज्ज्ञांच्या मते तो सहानुभूतिजन्य नेत्रदाह असावा.

हे नाव एकोणिसाव्या शतकातले आहे. ग्लासगोचे विल्यम मॅकेंझी यांनी या रोगाचे सविस्तर वर्णन केले तेव्हा एका डोळ्याच्या दुःखाने दुसरा दुःखी होतो अशी त्यांची कल्पना होती. दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतूंमधून हा रोग पलीकडे जातो असे ते मानत. आजचे स्पष्टीकरण निराळे आहे. आरपार जखमेमुळे दृष्टिपटल व त्यालगतच्या रंगद्रव्ययुक्त थरातली प्रथिने फुटक्या वाटेने लसिकाग्रंथींपर्यंत पोचतात. नेहमीच्या, प्लीहेकडे जाणाऱ्या सौम्य वाटेने ती जात नाहीत, आणि जखमेतला दाह त्यांची ओळख शत्रू म्हणून करून देतो. तिथे तयार झालेल्या टी-पेशी रक्तातून हिंडतात आणि तीच प्रथिने असलेल्या दुसऱ्या, निरोगी डोळ्यावर चालून जातात. चेतलेल्या टी-पेशींचा जथाच आला की दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांच्या घट्ट भिंतींचाही इलाज चालत नाही.

मॅकेंझींची मज्जातंतूंची कल्पना मात्र अगदीच टाकाऊ ठरली नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस येथील संशोधकांनी दाखवले की उंदराच्या एका डोळ्यातल्या पारपटलाचे सूक्ष्म मज्जातंतू तोडले तर दोन्ही डोळ्यांची प्रतिकार-सवलत नाहीशी होते. नंतर कोणत्याही डोळ्यात कलम बसवले तरी ते लवकर नाकारले जाते. तुटलेल्या मज्जातंतूंमुळे वाढणारे एक रसायन लगाम घालणाऱ्या टी-पेशींना निकामी करते. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. परंतु पारपटल बसवताना गोल कापावे लागते आणि तेव्हा हे तंतू तुटतातच, म्हणून नेत्रशल्यविशारदांचे त्यांच्याकडे लक्ष आहे.

सहानुभूतिजन्य दाह विरळा आहे. आरपार जखम झालेल्या डोळ्यांपैकी शेकडा एकापेक्षाही कमी रुग्णांत तो होतो. पण ज्याला होतो त्याचा चांगला डोळा धोक्यात येतो, म्हणून कंपासचे टोक, विटी, बाणाची काडी, सायकलच्या चाकाची तार अशा कशानेही डोळ्याला भोक पडले तर ती जखम हलकी मानून चालत नाही. अशा डोळ्यावर पाणी मारू नये, तो चोळू किंवा दाबू नये, आत रुतलेले काही असेल तर उपसू नये. कागदी पेल्याचा तळ किंवा तसेच काही डोळ्याला न टेकता वर धरून, पट्टी लावून, मुलाला त्याच दिवशी नेत्रशल्यविशारदाकडे न्यावे. जखम वेळेवर शिवली गेली पाहिजे. डोळा वाचण्याजोगा नसेल तर तो दोन आठवड्यांच्या आत काढून टाकण्याचा जुना प्रघात दुसऱ्या डोळ्याच्या रक्षणासाठीच आहे.

दुसऱ्या डोळ्याचा दाह बहुधा दोन आठवड्यांनंतर आणि बहुतेक वेळा वर्षाच्या आत सुरू होतो. तोवर घरचे लोक निर्धास्त झालेले असतात आणि मूल पुन्हा शाळेत येऊ लागलेले असते. त्यामुळे पहिली खूण आईवडिलांआधी शिक्षकांच्या नजरेस पडण्याचा संभव असतो. चांगला डोळा उजेडात मिटू लागतो, किंचित लाल दिसतो, आणि फळ्यावरचे वाचणारे मूल पुस्तकातले मात्र अंधुक दिसते असे म्हणते. हा चष्म्याचा नंबर समजून पुढच्या नेत्रतपासणी शिबिरापर्यंत थांबू नये. पूर्वी या रोगात बहुधा दोन्ही डोळे जात. स्टेरॉइडे आणि प्रतिकार दाबणारी औषधे लवकर सुरू झाली तर आता दुसऱ्या डोळ्याची दृष्टी बहुतेक वेळा वाचते.